कागदोपत्री कंबर

एकावन्न वर्षांच्या आयुष्यात मी एकदाही आजारी पडलेलो नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो. सांगू शकतो कशाला, वाशीमच्या कोर्टात शपथेवर सांगितलेलंच आहे. ताप नाही, साखर नाही, दात सगळे जागच्या जागी. फक्त कागदोपत्री माझी कंबर नऊ वेळा गेलेली आहे.

हे जरा फोड करून सांगावं लागेल. मी शिरपूर जैनजवळच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर मास्तर आहे. आम्ही मास्तर लोक माणसं मोजतो, घरं मोजतो, जनावरं मोजतो, संडास मोजतो, आणि वेळ उरलाच तर मुलांना मोजायला शिकवतो. त्यात निवडणूक लागली की प्रशिक्षण आलं, मतदान यंत्र आलं, सतरा नमुन्यांचे सतरा लिफाफे आले. एक लिफाफा इकडचा तिकडे झाला तर निलंबन. या सगळ्यावर आमच्या पिढीतल्या मास्तरांनी एक उपाय शोधून काढला होता. तो म्हणजे कंबर.

कंबरच का, तर ताप थर्मामीटरला कळतो. हात मोडला म्हणावं तर प्लास्टर दाखवावं लागतं. कंबर मात्र खानदानी अवयव आहे. दुखते म्हटलं की दुखते. शिवाय ज्या साहेबाकडे अर्ज जायचा असतो त्याचीही दुखतच असते, त्यामुळे सही लवकर मिळते.

मालेगावला आमचे एक डॉक्टर आहेत. नाव लिहीत नाही, त्यांचा दवाखाना अजून चालू आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "कुठून कुठपर्यंत?" मी शर्ट वर करून कंबर दाखवायला लागलो. त्यांना तारखा हव्या होत्या. मग त्यांनी लिहिलं : चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी झिजली आहे, सक्त विश्रांतीची गरज. त्यानंतर पंधरा वर्षांत नऊ वेळा त्यांनी हेच वाक्य लिहिलं. एकदाही मला हात लावला नाही. आजारीपणाचं आणि बरं झाल्याचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं ते एकाच बैठकीत द्यायचे, म्हणजे पेशंटला दुसरी चक्कर पडत नाही. तालुक्यातले मास्तर त्यांना फार मानायचे.

तर दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मी शिरपूर फाट्यावर वाकून वांगी निवडत होतो. वांगी आमच्या जगदेवभाऊची. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, घरच्या शेतीत भाजीपाला करतो आणि रविवारी फाट्यावर ताडपत्री टाकून बसतो. समोरच्या हॉटेलातून चहा पिऊन मालेगावचे कापड दुकानदार हिरालालशेठ निघाले आणि त्यांनी गाडी मागे घेतली. गाडीला मागचं दिसायला कॅमेरा आहे. त्यात मी दिसलो होतो, पण वांग्याच्या पोत्यासारखा दिसलो, असं शेठनी पोलिसांना प्रामाणिकपणे सांगितलं.

कंबरेच्या वरच्या मणक्याला चीर पडली. चाळीस दिवस मी छताकडे बघत पडून होतो. पाखराच्या घरट्यासारखे डाग आमच्या छतावर किती आहेत हे मी आजही सांगू शकतो. हिरालालशेठ माणूस भला. त्यांनीच मला गाडीत घालून वाशीमला नेलं, रोज डबा पाठवला, आणि वर मलाच समजावलं की गाडीचा विमा आहे, तुम्ही खुशाल दावा टाका, पैसे कंपनीचे आहेत, मला वाईट वाटणार नाही.

दावा टाकणं भागच होतं. माझी मुलगी वैष्णवी नर्सिंगला जाणार होती, आणि तिच्या फीसाठी ठेवलेली मुदतठेव माझ्या मणक्यात गेली होती. चीर भरली तरी खाली दुखायचं राहिलं ते राहिलंच. पाऊण तास उभं राहून शिकवलं की पाठीतून वीज निघायची. डॉक्टरांनी कायमचं अपंगत्व अठरा टक्के लिहून दिलं. हे अठरा टक्के मात्र अस्सल होते.

वकील केले मोहनसिंग राठोड. पोहरादेवीकडचे. अपघाताच्या दाव्यात त्यांचं नाव आहे. बोलतात कमी, मिशी जास्त. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं की याआधी कंबरेचं काही दुखणं असेल तर आत्ताच सांगा. वकिलापासून लपवलेली गोष्ट समोरच्या वकिलाला बरोबर सापडते. मी छाती काढून, म्हणजे पाठीला बांधलेल्या पट्ट्यातून जेवढी निघेल तेवढी काढून, म्हणालो की ह्या शरीराला आजार माहीत नाही. त्यांनी तसं प्रतिज्ञापत्र केलं. अर्जदारास अपघातापूर्वी कोणताही विकार नव्हता. मी झोकात सही ठोकली.

तुम्हाला वाटेल मी खोटं बोललो. देवाशपथ नाही. मला ती नऊ प्रमाणपत्रं आठवलीच नाहीत. आजार झाला असता तर आठवला असता.

पुढच्या तारखेला विमा कंपनीने अर्ज दिला की अर्जदाराने मागच्या पंधरा वर्षांची वैद्यकीय कागदपत्रं हजर करावीत. मी मोहनसिंगांना म्हणालो, कोरा कागद द्या. पण आम्ही दाव्यात बुडालेल्या रजेचीही भरपाई मागितली होती, आणि त्यासाठी शाळेतून माझा रजेचा उतारा लागत होता. मुख्याध्यापकांनी तो अगदी मन लावून काढला. वैद्यकीय रजा, लाल शाईत, नऊ ओळी. प्रत्येक ओळीपुढे कारण : कंबर. मागे सगळी प्रमाणपत्रं जोडलेली, टाचणीसकट. सरकारी कचेरीत हवा तो कागद कधी सापडत नाही, त्या दिवशी अठराच्या अठरा सापडले.

मोहनसिंगांनी तो गठ्ठा दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, हे खरं असन तं कंपनी म्हनन, कंबर पहिलेच गेल्ती, गाडीनं नवीन काय केलं? अन् हे खोटं असन तं कंपनी काही म्हननार नाही. शिक्षणाधिकारी म्हनन."

"मग सांगायचं काय?"

"ते तुमी ठरवा. कंबर तुमची हाय."

घरी वेगळाच वाद पेटला. आमच्या सौभाग्यवतींना सगळं गाव बेबीताई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. बेबीताईंनी तो उतारा डोळ्यांसमोर धरला, तारखा बोटांवर मोजल्या, आणि नऊ वेळा कंबर गेली तरी मला एकदाही कळवलं नाही, म्हणून आधी रुसल्या. मग एकेका तारखेची आठवण निघाली. ह्या रजेत तुम्ही घराला चुना मारला. ह्या रजेत माझ्या भावाच्या वरातीत नाचलात, नवरदेवाच्या घोड्यापेक्षा जास्त. ह्या रजेत विहिरीतला गाळ काढला.

"मंग दुखे कवा?" त्यांनी विचारलं.

मी उतारा घडी घालून खिशात टाकला.

मोहनसिंगांनी आठ दिवस विचार केला आणि तोड काढली. कागद आपणच आधी कोर्टात द्यायचे. आपण दाखवलं तर तो आजार, त्यांनी शोधून काढलं तर ती लबाडी. आजारीपणाची नऊ प्रमाणपत्रं द्यायची आणि बरं झाल्याचीही नऊ द्यायची. म्हणजे दुखणं होतं, पण दर वेळी ठणठणीत बरं झालं. प्रतिज्ञापत्रात लिहायचं राहिलं, ती नजरचूक. आणि अपघाताच्या आधी माणूस धडधाकट होता हे सांगायला एक साक्षीदार उभा करायचा. साक्षीदार जगदेवभाऊ. त्यानं एवढंच म्हणायचं की पहिले थोडंसं दुखायचं, मग बरं झालं.

भाऊला हे शिकवायला आम्हाला दोन रविवार लागले. त्याला ते वाक्यच पटेना. आपल्या घराण्यात कोणाची कंबर दुखत नाही, असं त्याचं म्हणणं. आजा ऐंशीव्या वर्षी मोट हाकायचा. आता भर कोर्टात कंबर कमजोर म्हणून सांगितलं तर त्याच्या दोन मुलींची सोयरीक कोण करेल? शेवटी बेबीताईंनी त्याच्या हातात चहा दिला आणि सांगितलं की भाऊजी, वैष्णवीच्या फीचा सवाल आहे. तेव्हा तो कसाबसा तयार झाला.

तारखेच्या दिवशी विमा कंपनीतर्फे काळा कोट घालून जी वकील उभी राहिली, ती वैभवी. माझी विद्यार्थिनी. पहिली ते चौथी माझ्याच हाताखाली. तिने मला पाहिलं, फायली बाकावर ठेवल्या, आणि सरळ येऊन वाकून नमस्कार केला. न्यायाधीश चष्म्यावरून बघत राहिले. मला भरून आलं. मी म्हणालो, यशस्वी हो. आशीर्वाद इतक्या लवकर लागू पडलेला मी आजवर पाहिला नाही.

मी पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तिने आधी खुर्ची मागवून घेतली, सरांना उभं राहवत नसेल म्हणून. मी बसलो. मग तिने एक कागद माझ्या हातात दिला.

"सर, हे आजारी असल्याचं प्रमाणपत्र. वरचा नंबर वाचता?"

"एकशे बारा."

"आणि हे एकोणीस दिवसांनी तुम्ही बरे झालात त्याचं."

"एकशे तेरा."

"मधल्या एकोणीस दिवसांत डॉक्टरांकडे दुसरं कोणीच आजारी पडलं नाही का, सर?"

मी म्हणालो, मालेगावची हवा चांगली आहे. तिने दुसरी जोडी दिली. दोनशे सात, दोनशे आठ. मग तिसरी. नऊ जोड्या, सगळ्या लागोपाठ, एखाद्या सुखी संसारासारख्या. एकशे बारानंतर एकशे तेरा येतो हे तिला मीच शिकवलं होतं. त्या वेळी चुकत होती म्हणून दोनदा उभंही केलं होतं.

तरी मी टिकलो. नंबर डॉक्टर टाकतात, मला काय माहीत, असं म्हणून मी खाली उतरलो. मोहनसिंगांच्या मिशीखाली काहीतरी हसल्यासारखं झालं. आता फक्त भाऊ उरला होता, आणि भाऊचं एकच वाक्य.

जगदेवभाऊ धुतलेला शर्ट आणि नवीन टोपी घालून आला होता. शपथ घेताना त्याने दोन्ही हात जोडले. वैभवीने सरळच विचारलं, अपघाताच्या आधी तुमच्या भावाची कंबर दुखायची का? भाऊने मोहनसिंगांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बाकावर बसलेल्या गावातल्या चार माणसांकडे पाहिलं. तिथेच घोटाळा झाला. गावातली चार माणसं बघून घराण्याचं रक्त उसळलं.

"कोनाची? ग्यानबाची?" भाऊ म्हणाला. "बाई, त्याची कंबर म्हंजे बैलाची कंबर."

"कधीच दुखली नाही?"

"काहून दुखन? वोटिंगच्या दिवशी माहे सारे मजूर वोटिंगले गेल्ते. टेम्पो येऊन उभा. या बहाद्दरानं एकट्यानं कांद्याचे साठ कट्टे चढोले. वरून पानीबी मांगतलं नाही."

"कोणत्या साली, काका?"

"एकोनीस साली. त्या साली कांद्याले भाव नव्हता, म्हनून ध्यानात हाय."

कोर्टात कागद उलटल्याचा आवाज झाला. न्यायाधीशांनी स्वतःच २०१९ चं प्रमाणपत्र काढलं होतं. त्यावर नेहमीच्या वाक्याखाली, त्याच तारखांना रुग्णास कूस बदलणेही अशक्य आहे, असंही लिहिलेलं होतं. पंचवीस किलोच्या वर असलेला एकेक कट्टा आणि साठ कट्टे. भाऊ विजयी मुद्रेने खाली उतरला आणि माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाला, "लय चांगली झाली ना साक्ष?"

न्यायाधीशांनी मला परत पिंजऱ्यात बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, "गुरुजी, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. प्रमाणपत्रं खरी आहेत की भाऊ?"

आता माझी अवस्था बघा. प्रमाणपत्रं खरी म्हणावी, तर कंबर आधीचीच गेलेली. दावा बुडाला, वैष्णवी घरी. खोटी म्हणावी, तर दुखणं सगळं गाडीचं. पण मी सरकारला नऊ वेळा फसवलेलं, नोकरीची उरलेली सात वर्षं आणि पुढची पेन्शन टांगणीला. समोर वैभवी उभी. चौथीत असताना खडूचा डबा कोणी सांडला असं मी वर्गात विचारायचो, तेव्हा ती ज्या डोळ्यांनी खऱ्या गुन्हेगाराकडे बघायची, तेच डोळे.

मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "साहेब, प्रमाणपत्रं खोटी आहेत. माझी कंबर अपघाताच्या आधी एकदाही दुखली नाही. निवडणुकीचं काम टाळायला मी ती आणली होती. नऊही वेळा."

यात सचोटी किती आणि भरपाईचा हिशेब किती, ते विचारू नका. पण बोलल्यावर हलकं वाटलं हे खरं. मोहनसिंगांनी फाइल बंद केली, झोपलेल्या लेकराला जाग येऊ नये अशी. मागच्या बाकावरून बेबीताईंचा आवाज आला, "सांगतलं एकदाचं बाप्पा." शिपायाने त्यांना गप्प केलं.

मी वाशीमहून घरी पोचायच्या आत तालुक्याला बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून मास्तर मंडळी मला बघून गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवेनात. मी एकट्याने खरं बोलून सगळ्यांच्या कंबरेवर संशय आणला होता. मालेगावच्या डॉक्टरांचा फोन आला. ते शिव्या देतील असं वाटलं होतं, पण ते दुखावलेल्या आवाजात एवढंच म्हणाले की सर, पंधरा वर्षांचे संबंध होते आपले. सहाव्या दिवशी शिक्षण विभागाची नोटीस आली. खोटी प्रमाणपत्रं सादर केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा एक महिन्यात करावा. बेबीताईंनी ती देवाजवळ ठेवली. वैष्णवीने सांगितलं की बाबा, मी एक वर्ष थांबते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दरम्यान न्यायाधीशांनी जुनं दुखणं कोणतं आणि नवं कोणतं हे ठरवायला मला वैद्यकीय मंडळाकडे पाठवलं. त्यांनी माझा एमआरआय काढला. मी आनंदाने गेलो. यंत्र काही घराण्याचा अभिमान बाळगत नाही, आणि मास्तरांना ओळखतही नाही. आता माझ्या बाजूने शास्त्र बोलणार होतं.

तरुण डॉक्टर होते. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाने दाखवलं. ही वरची चीर, ही अपघातातली, छान भरली आहे. आणि तुमचं दुखतंय ते इथून, खालून. ही चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी. झिजलेली आहे.

"अपघातामुळे?"

"नाही, जुनी झीज आहे. बारा-पंधरा वर्षं तर सहज."

मी त्यांना शांतपणे सांगितलं की हे शक्य नाही, ती गादी बनावट आहे. त्यांनी फिल्मवरचं नाव परत तपासलं. मग म्हणाले की काही लोकांना झीज असूनही वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, अशांनी जड ओझी उचलली की ती वाढते. तुम्ही ओझी उचलता का? मी म्हणालो, मतदानाच्या दिवशी उचलतो.

बाहेर येऊन मी मालेगावच्या डॉक्टरांना फोन लावला. पंधरा वर्षं हात न लावता, मान वर न करता, त्यांनी अचूक निदान केलं होतं. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "मी अनुभवावरून लिहितो," ते म्हणाले, आणि तुम्हाला विश्रांती घ्या म्हणून नऊ वेळा लिहून दिलं होतं, तुम्ही ऐकलं नाही, असंही म्हणाले.

निकाल चार महिन्यांनी लागला. सव्वीस पानं आहेत. एकोणिसाव्या पानावर माझ्याबद्दल लिहिलं आहे, ते मला पाठ झालं आहे. "अर्जदाराने सदर प्रमाणपत्रे खोटी असल्याचे कथन केले आहे. तथापि वैद्यकीय मंडळाच्या अहवालावरून प्रमाणपत्रांतील निदान बरोबर असल्याचे दिसून येते. सबब, अर्जदाराचे हे कथन विश्वासार्ह वाटत नाही." पंधरा वर्षं खोटे कागद दिले ते सगळ्यांनी खरे मानले. एकदा खरं बोललो, त्यावर कोर्टाने विश्वास ठेवला नाही.

नोटिशीच्या खुलाशाला मी निकालापर्यंतची मुदत मागून घेतली होती, आता त्या पानाची प्रत जोडून तो दिला. शिक्षण विभागाने प्रकरण बंद केलं. कोर्टच म्हणतंय की गुरुजी आजारी होते, तर आम्ही कोण? नोकरी वाचली. मास्तर मंडळी परत हॉर्न वाजवायला लागली, एक-दोघांनी तर त्या पानाची झेरॉक्स मागून नेली. भरपाई मिळाली ती वरच्या मणक्याच्या चिरेची. खालची गादी कंपनीच्या विम्यात येत नाही, कारण ती हिरालालशेठच्या गाडीच्या आधीची आहे. मिळालेल्या पैशात वैष्णवीची पहिल्या वर्षाची फी भागली. उरलेल्या दोन वर्षांचं बघू.

जगदेवभाऊला हा निकाल मान्य नाही. त्याचं म्हणणं यंत्रच बिघडलेलं होतं, आणि आपण वरच्या कोर्टात जाऊन ते सिद्ध करू, साक्षीला तो परत उभा राहील. मोहनसिंगही म्हणाले की नव्वद दिवसांत अपील करता येतं.

अपील नागपूरला असतं. एसटीने सहा तास लागतात. मला सलग अर्ध्या तासाच्या वर बसता येत नाही.